गावचा इतिहास शाळेच्या तासाला

इतिहासाच्या तासाला आपल्या मुलांना पानिपत कळते, प्लासीची आमराई कळते, व्हर्सायचा तहदेखील कळतो. शाळेतून घरी जाताना वाटेत जी पडकी वेस लागते ती कोणी बांधली, तिच्या बाहेर कोणाची वस्ती होती आणि ती बाहेरच का होती, हे मात्र कळत नाही. ह्यात मुलांचा दोष काहीच नाही. परीक्षेत वेशीवर प्रश्न येत नाही, म्हणून पुस्तकात वेस येत नाही. आणि पुस्तकात नाही ते शिकविण्यास कोणत्या गुरुजींजवळ वेळ आहे?

ह्या व्याख्यानास शिक्षक बरेच आले आहेत, आणि पालक तर बहुतेक सारेच आहेत. म्हणून आमचे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. गावचा इतिहास वर्गात आणावयाचा तो गावची शोभा वाढविण्यासाठी आणून उपयोग नाही. पुरावा म्हणजे काय, तो कसा तपासावा, एकाच गोष्टीची दोन माणसे दोन तऱ्हांनी का आठवण ठेवतात, हे मुलाला हाताने चाचपून पाहता येईल अशी जागा एकच, आणि ती म्हणजे त्याचे स्वतःचे गाव. पण तेथेच ते सर्वांत अवघडही आहे. हे अवघडपण टाळून जो स्थानिक इतिहास शिकविला जातो तो शिकविला नाही तरी चालेल, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कल्पना काही नवी नव्हे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यास शिक्षण परिषद भरली, आणि तीतून निघालेल्या नयी तालीमने मुलाचा हातचा उद्योग व त्याचा भोवताल हाच शिक्षणाचा पाया धरला. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीस ग्राम बालशिक्षा केंद्र काढले, आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघांच्या साथीने ते वाढविले. मूल शाळेत येत नाही म्हणून त्यांनी शाळा वस्तीच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांच्या मागे ती गवतात नेली आणि तिला कुरणशाळा म्हटले. २००५ सालच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातही शाळेतले ज्ञान शाळेबाहेरच्या जीवनाशी जोडा, हे पहिलेच सूत्र आहे. उपदेशाची उणीव आपल्याकडे कधीच नव्हती.

तिसरीच्या मुलांना आपल्या जिल्ह्यापुरते वेगळे पुस्तक देण्याची चालही आपल्या राज्यात पुष्कळ वर्षांची आहे, आणि ती चांगली आहे. पण आठव्या-नवव्या वर्षी मूल एकदा जिल्ह्याबाहेर पडले, की दहावीपर्यंत पुन्हा घरी परतत नाही. प्रश्न विचारण्याची अक्कल जेव्हा येते तेव्हा गाव संपलेले असते.

शिक्षकांची पहिली शंका साधनांची असते. आमच्या गावात काय आहे, असे ते विचारतात. राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ ह्या मालेचा पहिला खंड १८९८ साली छापला, त्यातली पत्रे वाईतल्या एका घरात सापडली होती. पानिपतापर्यंतचा पत्रव्यवहार माळ्यावर धूळ खात पडून राहू शकतो, तर आपल्या गावी काहीच नसेल असे धरून चालण्याचे कारण नाही. आणि माळेही चढावयास नको. शाळेच्या कपाटातच एक ग्रंथ असतो: जनरल रजिस्टर. जुन्या शाळांतून त्याच्या आरंभीच्या वह्या मोडीत आहेत. मुलाचे नाव, जात, जन्मतारीख, दाखल झाल्याचा दिवस, शाळा सोडल्याचा दिवस आणि सोडण्याचे कारण, इतके रकाने त्यात आहेत. पहिली मुलगी कोणत्या साली दाखल झाली? मुले शाळा सोडतात ती कोणत्या महिन्यात, आणि त्या महिन्यात शेतात काय चालू असते? १९१८ साली इन्फ्लुएंझाची साथ आली, त्या वर्षीची पाने काय सांगतात? आठवीच्या मुलांना हे सहज मोजता येते. एक पथ्य मात्र हवे. त्या वहीत आडनावे व जाती आहेत, आणि त्यांचे नातू-पणतू वर्गात बसलेले आहेत. तेव्हा शिक्षकाने नावे गाळून आकडेच फळ्यावर उतरावे. ही रजिस्टरे किती मोलाची आहेत ते महाराष्ट्राला २०२३ साली कळले. कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, आणि गावोगाव मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली. दाखल्यासाठी का होईना, वही उघडली गेली. शिकण्यासाठी ती कोणी क्वचितच उघडली असेल.

दुसरी अडचण साधनांच्या विपुलतेची, आणि ती अधिक घातक. प्रत्येक गावाला आपले असे एक गोड पुराण असते. जवळचे लेणे पांडवांनी एका रात्रीत खोदलेले असते. शिवाजी महाराज जाताना आमच्याच वाड्यात उतरले, हे तर ठरलेलेच. महाराजांचा घोडा लोक म्हणतात तितक्या ठिकाणी खरोखर थांबला असता, तर राज्याभिषेक १६७४ सालात उरकला नसता! शिक्षक हे पुराण टिपून घेतात, मुले त्याचे तक्ते रंगवितात, स्नेहसंमेलनाला पाहुणे ते पाहून जातात, आणि ह्याला परिसर-अभ्यास म्हणतात. दंतकथा अवश्य टिपावी. ती कोणी, केव्हा आणि कशासाठी रचली असेल हेही त्याच तासाला विचारावे. पहिले काम होते, दुसरे राहून जाते.

आता महाडकडे येऊ. सावित्रीच्या काठचे हे गाव. जुन्या कागदांत ते कुलाबा जिल्ह्यात दिसते, कारण जिल्ह्याला रायगड हे नाव १९८१ साली मिळाले. गावालगत गांधारपाल्याची बौद्ध लेणी आहेत. रायगड पंचवीसेक किलोमीटरवर. अशा गावच्या शिक्षकाला स्थानिक इतिहासाची ददात नाही, असे कोणीही म्हणेल. पण गावाच्या ऐन मध्यात चवदार तळे आहे, आणि तेथे खरी परीक्षा आहे.

पाठ्यपुस्तकात हे तळे एकदोन वाक्यांत येते. १९२७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाड येथे चवदार तळ्याचा सत्याग्रह केला, इतके. चंद्रपूरच्या मुलाला एवढे कदाचित पुरेल. महाडच्या मुलाने हे वाक्य पाठ केले आणि तो रस्त्यावर आला, की तळेच समोर उभे. वाक्य मोठे की तळे मोठे, असा प्रश्न त्याला पडला तरच शिक्षण सुरू झाले म्हणावयाचे.

एक साधा प्रश्न वर्गात टाकून पाहावा: चवदार तळे सर्वांना खुले केव्हा झाले? मुले १९२७ म्हणतील. तेथून पुढे शिक्षकाने कागद काढावेत. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलात रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशाने बांधलेले व राखलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना वापरू द्याव्यात, असा तो ठराव. त्याला अनुसरून महाडच्या नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये आपले तळे खुले केले. म्हणजे ठरावाच्या वहीत तळे १९२४ सालीच खुले झाले होते! पुढची तीन वर्षे त्या ठरावाचे पाणी कोणी प्याले नाही. पिण्यास जाण्याची कोणाची छाती होईल, अशी गावची हवा नव्हती.

१९ व २० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद महाडात भरली. हजारो माणसे आली. परिषदेसाठी चाळीस रुपयांचे पाणी सवर्णांच्या हातून विकत आणावे लागले, अशी नोंद आहे. चार पावलांवर सरकारी कागदाने खुले केलेले तळे आणि मंडपात विकतचे पाणी. ही एक नोंद इतिहासाच्या तासाला पुरेल, आणि गणिताच्या तासालाही: त्या काळी चाळीस रुपयांत काय काय येत असे, हे मुलांनी घरच्या जुन्या हिशेबाच्या वह्यांतून काढावे. २० तारखेस मिरवणूक तळ्यावर गेली, बाबासाहेबांनी पाणी प्राशन केले, मागोमाग सर्वांनी केले. थोड्याच वेळात गावात आवई उठली, की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. ती खोटी होती. पण आवईला खरेपणाची गरज नसते. परिषदेहून परतणाऱ्या माणसांना गाठून मारहाण झाली. परिषदेस आलेल्यांत पलटणीतून निवृत्त झालेले पेन्शनर पुष्कळ होते. त्यांना हात उचलू न देण्याचे काम बाबासाहेबांना करावे लागले. नंतर पंचगव्याच्या घागरी ओतून तळ्याची ‘शुद्धी’ झाली, आणि ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव मागे घेतला.

तळे पुन्हा बंद. डिसेंबरात दुसऱ्या परिषदेची हाक दिली गेली, तोच १२ डिसेंबर १९२७ रोजी सवर्णांच्या वतीने दिवाणी दावा दाखल झाला आणि दोन दिवसांत तात्पुरता मनाई हुकूमही मिळाला. परिषद २५ डिसेंबरला भरली. मनुस्मृती जाळली गेली ती त्याच दिवशी. तळ्यावर जावयाचे की नाही ह्यावर परिषदेत मोठा खल झाला, आणि कोर्टाचा हुकूम मोडावयाचा नाही असे शेवटी ठरले. वर्गात वादविवाद घ्यावयाचा असेल तर ह्यापरता विषय आम्हांस सुचत नाही. दाव्याचा निकाल खालच्या कोर्टात १९३१ साली अस्पृश्यांच्या बाजूने लागला. वादी अपिलात गेले. आणि मुंबई हायकोर्टाने १७ मार्च १९३७ रोजी शेवटचा निर्णय दिला. ही वहिवाट अनादि काळापासूनची आहे हे वादींनी सिद्ध करावयाचे होते. ते सिद्ध झाले नाही.

ह्या निकालाकडे इतिहासाच्या शिक्षकाने फार बारकाईने पाहावे. ‘असे पूर्वापार चालत आले आहे’ असे एक पक्ष म्हणत होता, आणि न्यायाधीश विचारीत होते, केव्हापासून? दाखवा. इतिहासाचा सारा धंदा ह्या एका प्रश्नावर चालतो. आपल्या घरांतून, देवळांतून, पंचायतींतून पूर्वापारच्या नावाखाली जे जे चालते, त्यातले पुष्कळसे ‘केव्हापासून’ म्हणताच दोनतीन पिढ्यांपलीकडे जात नाही. तेव्हा तळे खुले केव्हा झाले? वहीत १९२४ साली, पाण्यापाशी १९२७ साली एका दिवसापुरते, कोर्टाच्या दप्तरात १९३७ साली. आणि प्रत्यक्ष गावच्या व्यवहारात? ह्या चौथ्या उत्तरासाठी कागद पुरत नाही, माणसांकडेच जावे लागते.

माणसांकडे गेले म्हणजे पुस्तकातले वाक्य आणखी फुटते. परिषद भरविण्यामागे मुख्य खटपट रामचंद्र बाबाजी मोरे ह्या तरुणाची. महाड तालुक्यातल्या दासगावचा हा मुलगा शिष्यवृत्ती मिळवूनही गावच्या इंग्रजी शाळेत घेतला गेला नव्हता. वर्तमानपत्रात तक्रार छापून आल्यावर प्रवेश मिळाला, तोही इतरांपासून वेगळा बसविण्याच्या बोलीवर. त्याच तालुक्यातले रावढूळ हे गोपाळबाबा वलंगकरांचे गाव. पलटणीतून निवृत्त झालेल्या ह्या गृहस्थांनी चवदार तळ्याच्या कितीतरी आधी, एकोणिसाव्या शतकातच, अस्पृश्यतेविरुद्ध लेखणी उचलली होती. म्हणजे १९२७ साल आकाशातून पडले नाही. ते तालुक्यात चाळीस वर्षे शिजत होते. दुसऱ्या बाजूसही सारेच एका मापाचे नव्हते. नगरपालिकेतले सुरेंद्रनाथ टिपणीस, परिषदेसाठी राबणारे अनंतराव चित्रे, मनुस्मृतिदहनाचा ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे, हे सवर्णच. डिसेंबरच्या परिषदेला मंडपासाठी कोणी जागा देईना, तेव्हा ती दिली फत्तेखान नावाच्या एका मुसलमान गृहस्थाने. दोनच वाक्यांच्या पुस्तकात एक नायक आणि एक निनावी जमाव एवढेच मावते. गावच्या पातळीवर उतरले, की जमावाला नावे येतात आणि प्रत्येकाने त्या दिवशी काय करावयाचे ते स्वतः ठरविले होते, हे दिसू लागते.

आणि नेमके हेच शिक्षकाला भीतिदायक वाटते. नावे आली की घरे आली, घरे आली की बाकावरची मुले आली. पाणी प्यालेल्यांचा पणतू आणि काठी घेऊन धावलेल्यांचा पणतू शेजारीशेजारी बसलेले असावयाचे. म्हणून बहुतेक जण गप्प बसतात. किंवा २० मार्चला हार घालून, भाषण करून, विषय पुढल्या वर्षापर्यंत मिटवितात. आमच्या मते ही शांतता फुकटची नाही. तिची किंमत वर्गातला एकच गट भरतो. ज्याच्या घरी ही हकीकत रोज सांगितली जाते, त्या मुलाला शाळेत कळते, की आपल्या घरचा इतिहास येथे उच्चारण्याजोगा नाही. दुसऱ्या मुलाला कळतच नाही की काही झाले होते. आणि पुढे जेव्हा ते त्याच्या कानांवर येते, तेव्हा ते त्याला आपल्यावरचा आरोप वाटते.

ह्यावर उपाय म्हणून आम्ही दोन गोष्टी सुचवितो. पहिली ही, की अवघड धड्याला सोप्या धड्याची वाट करून द्यावी. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा इंग्रजी अमदानीतला पूल वाहून गेला. २२ जुलै २०२१ रोजी महाड पुरात बुडाले, आणि त्याच दिवशी तालुक्यातले तळिये गाव दरडीखाली सापडले. पुरात पाणी आपल्या भिंतीवर कोठवर आले होते, हे मुलांनी आधी घरच्यांना विचारून लिहावे आणि मग भिंतीवरची खूण फुटपट्टीने मोजावी. आठवण आणि खूण जुळत नाहीत असे कित्येकांना आढळेल. खोटे कोणीच बोललेले नसते. इतक्या थोड्या वर्षांत आठवण हातभर सरकते, तर शंभर वर्षांत किती सरकेल, हे मुलांना आपण होऊन उमजेल. आणि मग तळ्याविषयी बोलताना आवाज चढविण्याऐवजी ती खूण शोधू लागतील.

दुसरी गोष्ट, प्रश्न कसा विचारावा ही. ‘तुझे पणजोबा त्या दिवशी कोठे होते?’ हा प्रश्न वर्गात विचारावयाचा नाही. मुलाला साक्षीदार करावे, आरोपी करू नये. त्याऐवजी पाण्याविषयी विचारावे, आणि हे काम महाडातच काय, ज्या गावी आपण बसलो आहोत तेथेही उद्या सुरू करता येईल. प्रत्येक मुलाने आपल्या गावच्या पाणवठ्यांचा नकाशा काढावा: नदी, तळे, आड, बाव, झरा, देवळामागची विहीर, मळ्यातली मोट. प्रत्येकाशी लिहावे, येथे कोण भरी, कोण भरत नसे, कोणाला दुसऱ्याच्या हाताची वाट पाहावी लागे, आणि हे केव्हा थांबले. थांबले नसेल तर तसे लिहावे. बदलून आलेल्या शिक्षकाने हे काम आपल्याला जमणार नाही असे समजू नये; परगावच्या माणसाला अडाण्यासारखे विचारता येते, आणि लोक त्याला जास्त सांगतात. नकाशे तयार झाले की ते एकावर एक ठेवून पाहावेत, कारण एकाच विहिरीविषयी दोन आळ्यांतली मुले दोन गोष्टी लिहून आणतील. कोणते उत्तर बरोबर, हे शिक्षकाने सांगण्याची घाई करू नये. ग्रामपंचायतीची ठराववही मागावी, ती मिळावयास आठ दिवस लागतात. तोवर मुलांना पुन्हा घरी पाठवावे.

चवदार तळ्याला २० मार्च २०२७ रोजी शंभर वर्षे पुरी होतात. तो दिवस प्रत्यक्ष पाहिलेले आता कोणी उरले नसणार. ज्यांनी तो आईबापांच्या तोंडून ऐकला अशी माणसे अजून आहेत, तीही वयाने थकलेली. तेव्हा ही विचारपूस लवकर व्हावयास हवी. तीत मुलांना आणखी एक सूचना अवश्य द्यावी. पाण्याचे विचारावयाचे ते आधी आजीला विचारावे. आजोबा बहुधा नळयोजनेचे उद्घाटन कोणाच्या हस्ते झाले ते सांगतात. हंडा कोणत्या पायरीवर टेकवावयाचा आणि कोणत्या नाही, हे तिला ठाऊक असते.